जोतं किती उचलायचं? : नागपुरातल्या एका घराचा आणि एका पुराचा हिशेब

काकूंचा प्रश्न एका ओळीचा होता : "सर, जोतं किती उचलू?"

अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून एका ले-आउटमध्ये त्यांचं जुनं तळमजल्याचं घर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे त्यात पाणी शिरलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी आणि स्थापत्य विभागातले माझे चार विद्यार्थी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), स्टाफ (तिच्यातून वाचायची आकड्यांची उभी पट्टी) आणि टेप घेऊन त्या भागात पुराच्या खुणा मोजत फिरत होतो. काकूंना आधी आम्ही मनपावाले वाटलो. "भरपाईचं काय झालं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही नुसते शिकणारे-शिकवणारे आहोत हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण चहा आला आणि चहासोबत जोत्याचा प्रश्न आला.

तोवर त्यांच्याकडे तीन सल्ले जमा झाले होते. मिस्त्री म्हणत होता, तीन फूट उचला, जॅक लावून देतो. जावई म्हणत होते, खाली पार्किंग काढा आणि वर राहायला जा. शेजारचे निवृत्त काका म्हणत होते, "असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा पडतो, वहिनी. पुढचा पाहायला आपण थोडेच आहोत!"

तिन्ही सल्ल्यांच्या पोटात पुढच्या पावसाबद्दलचा एकेक अंदाज दडला होता. मिस्त्री मागच्या पुराची उंची पुढच्या पुराला लावत होता. जावयांना पूर पुन्हा येणारच याची खात्री होती. काका तर थेट संभाव्यतेवर पैज लावून बसले होते. आमच्या विषयातले मोठमोठे निबंध याच तीन भूमिकांभोवती फिरतात, फक्त तिथे भाषा जड असते.

हे प्रकरण मी वर्गात दोन सत्रं शिकवतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

ती रात्र

पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडच्या महालक्ष्म्या. त्या वर्षी त्या २१ सप्टेंबरला आल्या, २२ ला जेवण झालं आणि २३ ला त्यांचं विसर्जन होतं. म्हणजे ज्या रात्री पाऊस आला ती रात्र विदर्भातल्या घराघरात पाहुण्यांची होती. हॉलमध्ये महालक्ष्म्या उभ्या, बाजूला जमिनीवर गाद्या घातलेल्या, स्वयंपाकघरात आंबिलीची आणि पुरणाची मोठी पातेली, दमलेली माणसं गाढ झोपेत. पूर किती नुकसान करतो हे ठरवताना पाण्याची खोली विचारात घेतात, वेग घेतात. दिनदर्शिका मात्र कोणी घेत नाही. काकूंच्या घरी एरवी तीन माणसं असतात. त्या रात्री अकरा होती, त्यातली आठ जमिनीवर.

पाऊस मध्यरात्रीनंतर वाढला. चार तासांत सुमारे १०९ मिलिमीटर आणि त्यातले ९० मिलिमीटर अवघ्या दोन तासांत, असं शासनाकडून सांगितलं गेलं. अंबाझरीचा तलाव सांडव्यावरून ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट अशा भागांत घरात पाणी शिरलं. मोरभवनच्या बस स्थानकात एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, सीताबर्डीतल्या दुकानांचा माल भिजला, पंचशील चौकाजवळचा पूल खचला. बचावासाठी लष्कराची पथकंही आली. चार जणांचा जीव गेला. हजारो घरांची वाताहत झाली आणि घरामागे दहा हजार रुपयांची मदत जाहीर झाली.

सकाळी दोनच शब्द सगळ्यांच्या तोंडी होते : ढगफुटी आणि हवामान बदल. दुपारपर्यंत तिसरा आला, अतिक्रमण. त्या दिवसापासून हे शब्द भांडत आहेत.

फूटपट्टी कोणती

ढगफुटीचं आधी निकालात काढू. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार लहानशा क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ती ढगफुटी. दोन तासांत ९० हे त्यात बसत नाही. मग काय म्हणायचं? खात्याची दुसरी फूटपट्टी चोवीस तासांची आहे : ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. त्या चार तासांचे १०९ मिलिमीटर या पट्टीवर ठेवले तर ते पहिल्याच, म्हणजे सगळ्यात सौम्य खान्यात पडतात.

अर्ध्या शहराची झोप उडवणारा पाऊस कागदावर नुसता 'मुसळधार'. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की हमखास एक हात वर येतो. आमच्या गटातला गोंदियाचा मुलगा म्हणाला, "काऊन सर, मग खातं चुकलं का?" चुकलं नाही. ती फूटपट्टी दिवसभराच्या पावसासाठी आहे. शेतीला, धरणाला, तलाठ्याच्या पंचनाम्याला ती चालते. गल्लीतल्या नालीला दिवस कळत नाही, तिला पंधरा मिनिटं कळतात.

अडचण अशी की पंधरा मिनिटांची जुनी नोंद सहसा हाताशी नसते. आम्ही एका कार्यालयात अर्ज केला. रोजच्या पावसाची यादी लगेच मिळाली. कमी वेळाच्या नोंदी मागितल्या तेव्हा अर्ज पुढच्या टेबलावर गेला आणि तिथेच मुक्कामी राहिला. अशा वेळी अभियंते एक जुना तोडगा वापरतात. चोवीस तासांच्या पावसाला (तास भागिले २४) या अपूर्णांकाच्या घनमुळाने गुणायचं, की तेवढ्या तासांचा पाऊस मिळतो. एकतृतीयांश घाताचा नियम म्हणून तो देशभर वापरात आहे. दोन तासांसाठी हा गुणक येतो ०.४३७.

विद्यार्थ्यांना मी हा नियम उलटा चालवायला लावतो. दोन तासांत ९० मिलिमीटर पडायला नियमाप्रमाणे दिवसभरात किती पडायला हवं होतं? ९० भागिले ०.४३७, म्हणजे २०६. ही बेरीज थेट सर्वात वरच्या खान्यात जाऊन बसते. म्हणजे दिवसाच्या पट्टीवर जो पाऊस तळाशी आहे तोच तासांच्या पट्टीवर माथ्यावर आहे. नालीचा आकार ज्या गुणकावर ठरतो तो गुणक असं गृहीत धरतो की इतका जोर फक्त दोनशे मिलिमीटरच्या दिवशीच येईल. त्या पहाटे तो निम्म्या पावसात आला.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. पाऊस एकूण वाढला की नाही यावर वाद घालता येतो; तो कमी वेळात कोंबून पडू लागला तर जुनी कोष्टकं नकळत खोटी ठरतात. वार्षिक सरासरीत याचा मागमूसही लागत नाही.

जागेचाही असाच घोळ. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला अवघा ७३. एकच शहर, एकच दिवस. नागपूरची अधिकृत नोंद प्रामुख्याने सोनेगावच्या विमानतळावरून येते आणि अंबाझरीत पाणी येतं ते पश्चिमेकडून, वाडी आणि लाव्ह्याच्या टेकड्यांकडून. विमानतळावर पडलेला पाऊस तलावाच्या पाणलोटात तेवढाच पडला हे आपण समजून चालतो, मोजलेलं नसतं. स्वयंचलित केंद्रं वाढली म्हणून सगळं सुटतं असंही नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तापमान ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली आणि नंतर संवेदक बिघडल्याचं हवामान खात्याने स्पष्ट केलं. नागपूरचा उन्हाळा ५६ वर विश्वास बसावा इतका कडक आहेच, म्हणून तर ती बातमी इतकी धावली.

पाण्याचे दोन भाऊ

आता मूळ भांडण. हवामान बदल की काँक्रीट?

हे सोडवायला मोठं संगणकीय प्रारूप लागत नाही. एक जुनं सूत्र आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो. अमेरिकेतल्या मृदसंधारण खात्याची कर्व्ह नंबर पद्धत आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात. जमिनीला शंभरापर्यंतचा एक अंक द्यायचा. अंक जितका मोठा तितकं पाणी कमी मुरतं. आम्ही दोन नागपूर धरली. एक मोकळं : काळी माती, गवत, थोडी शेती, अंक ८०. काळी माती आधीच चिकट, त्यात सप्टेंबरअखेर ती पाणी पिऊन टम्म झालेली, म्हणून मोकळ्या जमिनीलाही अंक मोठाच दिला. दुसरं बांधलेलं : स्लॅब, फरशी, गट्टू, सिमेंट रोड, अंक ९२. हे दोन्ही अंक मोजलेले नाहीत, वर्गात चर्चा करून धरलेले आहेत. कोणाला वेगळे धरायचे असतील तर त्यांनी धरून पाहावेत.

१०९ मिलिमीटर पावसापैकी बांधलेल्या जमिनीवरून ८६ मिलिमीटर वाहून जातं, मोकळ्या जमिनीवरून ५८. फरक २८ चा. हा काँक्रीटचा वाटा.

आता पावसाचा. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हे भौतिकशास्त्र जुनं आहे, त्यात वाद नाही. त्या हिशेबाने एक अंश थंड जगात हाच पाऊस १०२ मिलिमीटर पडला असता असं समजू. मग बांधलेल्या जमिनीवरून ७९ मिलिमीटर वाहिलं असतं. फरक ७ चा. थोड्या वेळाच्या पावसात ही वाढ या ७ टक्क्यांच्या दुप्पटही असू शकते असं काही अभ्यास सांगतात. तसं धरलं, तर फरक १३ चा.

म्हणजे काँक्रीट २८, तापमानवाढ ७ ते १३. फळ्यावर हे आकडे आले की वर्ग दोन गटांत फुटतो. एका गटाला वाटतं, बघा, हवामान बदल हे निमित्त आहे, खरा गुन्हेगार बिल्डर. दुसऱ्या गटातल्या एका मुलीने त्या दिवशी फार सरळ विचारलं, "सर, मग आपण प्रकल्पाच्या शीर्षकात हवामान बदल का लिहिलंय?" खरं उत्तर असं, की तो शब्द असला म्हणजे प्रस्ताव लवकर वाचला जातो. तिला मी तेच सांगितलं. दुसरीकडे तोच शब्द अधिकाऱ्यांच्या तोंडी वेगळं काम करतो. निसर्गापुढे कोणाचं चालतं, म्हटलं की नालीची फाइल बंद. शब्द एकच, एकाला पैसे मिळवून देतो, दुसऱ्याची जबाबदारी उतरवतो.

पण सात मिलिमीटर किरकोळ आहेत का? एका चौरस किलोमीटरवर ७ मिलिमीटर म्हणजे सत्तर लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर सातशे टँकर. आणि हे सातशे टँकर कुठे आहेत हे महत्त्वाचं. मातीत, नालीत, नदीत, तलावात जी जागा होती ती आधीच्या ७९ मिलिमीटरने भरून टाकलेली असते. वरचे ७ हे ढिगाऱ्याच्या माथ्यावरचे आहेत. त्यांना जायला घराशिवाय जागा उरलेली नसते.

सांडव्याचा हिशेब करून पाहिला तर हे आणखी ठळक होतं. सांडव्यावरून पडणारं पाणी त्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या दीडपट घाताने वाढतं. उलट बाजूने पाहिलं तर पाणी ८–९ टक्के वाढलं की उंची साधारण साडेपाच टक्के वाढते. समजा सांडव्यावर दोन फूट पाणी चढलंय, तर तापमानवाढीचा त्यातला वाटा सव्वा इंचाच्या आसपास. सव्वा इंच! वर्तमानपत्रात याची बातमी होणार नाही.

काकूंच्या हॉलचा उंबरठा मोजला तेव्हा हा सव्वा इंच मला पुन्हा आठवला. पाणी उंबरठ्याच्या एक इंच खाली थांबलं तर सकाळी खराटा मारून अंगण धुता येतं. एक इंच वर आलं तर गाद्या, सोफ्याचा प्लाय, फ्रिजचा कॉम्प्रेसर, कपाटाचा खालचा कप्पा आणि त्यातली मुलाची मार्कशीट जाते. पाण्याचे टक्के आणि नुकसानीचे टक्के यांचं गणित जुळत नाही. पुरात काँक्रीटचा वाटा जास्त आहे हे मला मान्य आहे. पण त्यामुळे उरलेला वाटा बिनमहत्त्वाचा ठरतो, हे नाही. थोरल्या भावाने घर भरून टाकलं असेल तर धाकट्याने आणलेली एक पिशवीही दारात पडते.

शंभर वर्षांचं कोडं

शेजारच्या काकांचं काय? "शंभर वर्षांतून एकदा" हा आमच्याच लोकांनी जनतेला दिलेला शब्दप्रयोग आहे आणि तो आमच्यावरच उलटला आहे. त्याचा अर्थ एवढाच, की असा पाऊस कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का. एकदा आला म्हणजे नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असं नाही. फाशांना मागचा डाव आठवत नसतो. घर ५० वर्षं टिकवायचं असेल तर त्या काळात एकदा तरी असा पाऊस येण्याची शक्यता ३९–४० टक्के निघते.

हा हिशेब फासे बदलत नाहीत असं धरून आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तो अभ्यास दिवसाच्या पावसाचा आणि विस्तीर्ण पट्ट्याचा आहे, एका शहरावरच्या दोन तासांचा नाही. तो थेट काकूंच्या गल्लीला लावणं चूक. पण दिशा कळते. शंभर वर्षांचा पाऊस पन्नास वर्षांचा झाला, तर ५० वर्षांतली शक्यता चाळिसावरून चौसष्ट टक्क्यांवर जाते. सव्वा इंचाच्या हिशेबात जो बदल इतका लहान दिसला तो इथे नाणेफेकीच्या पलीकडे पोचतो. हवामान बदलाने पूर किती खोल झाला, हे विचारण्यापेक्षा तो किती वेळा येईल हे विचारणं जास्त फायद्याचं, असं मला हे प्रकरण शिकवताना हळूहळू पटत गेलं.

आपल्या शहरांतल्या पावसाळी नाल्या तर एक-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी बांधतात, फार झालं तर पाच. त्यात लबाडी नाही, पैशांचं गणित आहे. पण मग नाली भरून वाहणं हा अपघात नसून रचनेचाच भाग आहे, आणि जादाचं पाणी कुठून जाईल तो रस्ता मोकळा ठेवणं हे नालीइतकंच काम आहे. नागपुरात तो रस्ता अक्षरशः रस्ताच आहे, आणि सिमेंटचे रोड करताना तो उचलला गेला आहे. काकूंच्या फाटकाला पूर्वी बाहेरच्या बाजूला एक पायरी होती. आता ती आत उतरते.

सांडव्यासमोरचा पुतळा आणि पात्रातले अडथळे यांचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला. त्यावर इथे लिहीत नाही. नाग नदीच्या पुनरुज्जीवनाचा १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे, पण तो मुख्यतः सांडपाणी रोखण्याचा आहे. पूर आणि सांडपाणी ही आपल्याकडे दोन फायलींतली दोन कामं आहेत. पाण्याला मात्र ते माहीत नसतं, हे पुढे दिसेल.

जाळीतून आलेलं पाणी

आम्ही खुणा मोजल्या त्यात पहिला धडा मिळाला तो नम्रतेचा. एकाच खोलीत दोन भिंतींवर दोन उंचीच्या रेषा सापडतात, कारण पाणी हललेलं असतं आणि चुना पाणी वर ओढतो. माणसांच्या आठवणी तर आणखी वरखाली. भीतीत पाणी नेहमी कमरेइतकं असतं. म्हणून आम्ही काचेवरच्या, फ्रिजच्या दारावरच्या आणि मीटरच्या पेटीतल्या खुणा जास्त धरल्या. तिथे ओल चढत नाही.

वेळ पकडणं त्याहून अवघड. मुलांनी गल्लीतल्या मोबाइलमधले व्हिडिओ गोळा करायला घेतले. व्हॉट्सॅपवर फिरून आलेल्या व्हिडिओला मूळची वेळ नसते. म्हणून जो काढणारा आहे त्याच्याच फोनच्या गॅलरीत जाऊन पाहायचं. एका दुकानाच्या सीसीटीव्हीचं घड्याळच मागे होतं. आज ते किती मागे आहे हे पाहून तेवढी दुरुस्ती केली. हे असलं काम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि या प्रकरणातली खरी उकल त्यातूनच झाली.

काकूंच्या घरात पाणी दोनदा आलं होतं. पहिल्यांदा न्हाणीघराच्या जाळीतून. गल्लीत तेव्हा फाटकाबाहेर पाणी होतं, पण आत आलेलं नव्हतं. "आधी वाटलं नळ चालू राहिला," काकू म्हणाल्या, "मग वास आला." पावसाचं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत शिरलं, वाहिनी तुंबली आणि उलट्या दिशेने घरात आली. दुसऱ्यांदा पाणी समोरून आलं, वेगाने, फाटक ढकलत. त्याची साक्ष फाटकाच्या जाळीत अडकून वाळलेल्या जलपर्णीने दिली. नाली तुंबून जलपर्णी येत नाही. ती तलावात वाढते. वाडीकडून येणाऱ्या सांडपाण्यावर अंबाझरीत ती पोसली जाते. जलपर्णी ज्या उंचीपर्यंत अडकली तिथवर तलावाचं पाणी आलं, आणि त्याआधीचा काळा, वासाचा गाळ फरशीच्या सांध्यात खाली बसला होता.

गोंदियाच्या मुलाने दोन्ही गाळ दोन डब्यांत भरले आणि काकूंच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. एक काळा, एक विटकरी. एवढं स्पष्ट आकृतीत कधी दिसत नाही.

या दोन पुरांचे उपाय वेगळे. दुसरा पूर तलावाचा, सांडव्याचा, पात्राचा. तो काकूंच्या हातात नाही. त्यासाठी सांडव्याची क्षमता, पावसाळ्यात तलावात राखून ठेवलेली थोडी रिकामी जागा आणि वाडीच्या बाजूला पावसाचं प्रत्यक्ष मोजमाप लागेल. अंबाझरी रस्त्यावर ज्यांच्या नावाची संस्था उभी आहे त्या विश्वेश्वरय्यांना १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादला बोलावलं गेलं, तेव्हा त्यांनी शहरात भिंती बांधत बसण्याआधी वरच्या बाजूला पाणी थोपवण्याची योजना दिली. शतक उलटलं, वरच्या बाजूला पाहायचं आपल्याला अजून सुचत नाही. पहिला पूर मात्र काकूंच्या न्हाणीघरातला होता.

उत्तर

आम्ही आठवडाभराने पुन्हा गेलो. मिस्त्रीला बोलावून ठेवायला सांगितलं होतं, तो आला होता.

आधी स्वस्त कामं सांगितली. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे वाहिनी तुंबली तरी पाणी मागे येणार नाही. वर्षातून दोनदा तो उघडून साफ करायचा, नाहीतर केसांनी आणि प्लास्टिकने तो उघडाच राहतो. विजेचा मीटर, पाण्याच्या मोटरचं स्टार्टर आणि इन्व्हर्टर फ्रिजवरच्या खुणेपेक्षा वर न्यायचं. फ्रिज ओट्यावर. कागदपत्रं माळ्यावर.

मग जोतं. मिस्त्रीचे तीन फूट कुठून आले हे विचारलं. तो म्हणाला, "साहेब, जॅकला तेवढं सोपं जातं." प्रामाणिक उत्तर होतं. आम्ही आमचा आकडा काढला होता तो असा : जलपर्णीच्या खुणेची उंची, त्यावर एक फूट. खूण त्या पहाटेच्या पुराची. वरचा फूट आमच्या अज्ञानाचा. त्यात सव्वा इंच तापमानवाढीचा, काही इंच पुढे होणाऱ्या बांधकामाचे, काही रस्ता पुन्हा एकदा उचलला जाईल त्याचे आणि उरलेले आमच्या मोजमापातल्या चुकीचे. वर्गातली मुलगी म्हणाली, "सर, यातला हवामान बदल सगळ्यात कमी अनिश्चित निघाला." बाकीचे इंच मनपाच्या पुढच्या टेंडरवर अवलंबून होते.

हिशेब घालून बेरीज आली तीन फुटांच्या थोडी आत. मिस्त्री खूश झाला. काकू झाल्या नाहीत.

"म्हणजे तो बरोबरच सांगत होता ना. मग तुम्ही चार महिने काय मोजलं?"

व्हॉल्व्हचं सांगितलं. तो कितीला पडतो, त्यांनी विचारलं. मिस्त्रीने किंमत सांगितली. घर उचलण्याच्या खर्चाशी तिची तुलनाच नव्हती. काकूंनी थोडा वेळ न्हाणीघराच्या जाळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आधी हे करू. यंदाच्या महालक्ष्म्यांच्या आत झालं पाहिजे. जोत्याचं दिवाळीनंतर पाहू."

शेजारचे काका कुंपणावरून ऐकत होते. त्यांनी हाक मारली, "अहो, तो व्हॉल्व्ह माझ्याकडेही लावून द्या."